भिंतीवर चढणारी अंजीरवेल

शाळांच्या भिंती, सहकारी संस्थांच्या कचेऱ्या, बंगल्यांची कुंपणे व पुलांचे खांब ह्यांवर बारीक हिरव्या पानांची एक वेल रंगाचा हात दिल्याप्रमाणे चिकटून पसरलेली आपण पाहतो. रोपवाटिकांतून ती 'फायकसची वेल' किंवा 'फायकस पुमिला' ह्या नावाने मिळते. अंजीर, उंबर, वड व पिंपळ ह्यांच्याच गोतातील ती असल्यामुळे ह्या लेखापुरते तिला आपण अंजीरवेल म्हणू.

ही केवळ शोभेची वेल. शेतीच्या पत्रिकेत तिचे काय काम, असे कोणी विचारील. काम असे की, तिच्यासंबंधी तीन प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. ही वेल पिंपळाप्रमाणे भिंत फोडील काय, हा पहिला. जुन्या वेलीला अंजिरासारखी फळे लागतात, ती खावीत काय, हा दुसरा. तिसरा प्रश्न अलीकडचा आहे. परदेशात हिच्या बियांपासून जेली करून विकतात असे मोबाइलवर पाहण्यात येते. तर हे पीक आपल्या शेतात घेता येईल काय? पहिल्या प्रश्नात भिंत गुंतलेली आहे व तिसऱ्यात शेतकऱ्याचा पैसा गुंतू शकतो. तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांचा बराचसा भाग ह्या वेलीच्या फळाच्या आत दडलेला आहे. तेथपर्यंत जाण्यापूर्वी वेलीची बाहेरून ओळख करून घेणे बरे.

ओळख व मूळ ठिकाण

अंजीरवेल मूळची पूर्व आशियातील होय. चीनचा दक्षिण व पूर्व भाग, तैवान, जपान व व्हिएतनाम ह्या प्रदेशांत ती खडकांवर व झाडांच्या खोडांवर रानटी अवस्थेत वाढते. लिनीअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला फायकस पुमिला असे नाव दिले. 'पुमिला' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ ठेंगणी असा आहे. दोन-तीन मजली इमारतीचा माथा गाठणाऱ्या वेलीस ठेंगणी म्हणणे चमत्कारिक वाटते खरे. परंतु तिच्या कोवळ्या फांद्यांवरील इवलीशी पाने पाहिली म्हणजे हे नाव कसे पडले असावे ह्याची कल्पना येते. बागकामाच्या जुन्या पुस्तकांतून हिलाच 'फायकस रेपेन्स', म्हणजे सरपटणारी, असेही म्हटलेले आढळते. दोन्ही नावे एकाच वेलीची आहेत.

गोत ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. पान खुडले किंवा फांदी मोडली की दुधासारखा पांढरा चीक येतो. फांदीच्या टोकाशी कोवळ्या कोंबावर उपपर्णांची टोपी असते व ती गळून गेल्यावर तेथे वण राहतो. वड, पिंपळ व उंबर ह्यांच्या फांदीवरही हेच दिसते. शाळेतील मुलांना चारही फांद्या शेजारी शेजारी ठेवून दाखविल्यास गोत म्हणजे काय हे फळ्यावर लिहून देण्यापेक्षा लवकर समजते.

एकाच वेलीची दोन रूपे

ह्या वेलीविषयी सर्वांत अधिक घोटाळा होतो तो तिच्या दोन रूपांमुळे. भिंतीवर चढणारी फांदी बारीक, लवचीक असते. तिची पाने सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, पातळ, हृदयाच्या आकाराची, तळाशी थोडी वाकडी व जवळजवळ बिनदेठाची असतात. ती भिंतीला लागून कौलांप्रमाणे एकावर एक बसतात. प्रत्येक पेरापाशी मुळांचे बारीक झुबके फुटतात व त्यांच्या योगाने फांदी धरून राहते. हे वेलीचे बालरूप.

वेल भिंतीचा माथा गाठते, पुढे आधार उरत नाही व ऊन भरपूर मिळू लागते, तेव्हा तिचे वर्तन पालटते. आता ज्या फांद्या फुटतात त्या भिंतीस चिकटत नाहीत. भिंतीपासून दूर, आडव्या, हात पसरल्यासारख्या बाहेर येतात. त्या जाड व लाकडी असतात. त्यांना धरणारी मुळे फुटत नाहीत. त्यांची पाने पाच ते दहा सेंटिमीटर लांब, चामड्यासारखी जाड, लांबट अंडाकृती व स्पष्ट देठाची असतात. खालच्या बाजूस शिरांचे जाळे मधाच्या पोळ्यासारखे उठून दिसते. फळे धरतात ती ह्याच फांद्यांवर. बालरूपातील फांदीवर फळ कधीही येत नाही.

दोन्ही रूपे शेजारी पाहून 'वेलीवर बांडगूळ आले' किंवा 'दुसरेच झाड उगवले' अशी समजूत करून घेणारे पुष्कळ आहेत. तसे काही नसते. एकाच मुळावर, एकाच बुंध्यावर, वयानुसार आलेली ही दोन रूपे होत. जनावराला मिसरूड फुटावी तसा हा प्रकार. फरक एवढाच की, जनावराचे बालपण संपते, तर वेलीच्या बुडाशी बालरूप व माथ्यावर प्रौढ रूप ही दोन्ही एकाच वेळी नांदत असतात.

हा भेद नुसता पुस्तकी नाही. कलम करावयाचे तर ते बालरूपातील फांदीचेच घ्यावे. ते लवकर मूळ धरते. प्रौढ फांदीचे कलम महत्प्रयासाने रुजते, त्यासाठी मूळ फुटण्याचे संजीवक अधिक प्रमाणात वापरावे लागते, आणि इतके करून रुजले तरी पुष्कळदा ते झुडपासारखे ताठ वाढते व भिंतीकडे ढुंकून पाहत नाही. रोप विकत घेतानाही पाने पाहून घ्यावीत. मोठ्या पानांचे, डौलदार रोप अधिक दाम देऊन घेणारा माणूस भिंत झाकण्याच्या दृष्टीने तोट्याचाच सौदा करतो.

चिकटते ती कशाने

वेल कशाच्या बळावर चिकटते, हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. वेलींच्या हालचालींवरील त्याचा ग्रंथ १८७५ साली निघाला. त्यात ह्या वेलीवर केलेल्या साध्या प्रयोगाचे वर्णन आहे. कोवळी मुळे त्याने काचेच्या पट्टीवर हलकेच टेकवून ठेवली. सुमारे आठवड्याने त्यांतून स्वच्छ द्रवाचे बारीक थेंब निघाले. जखमेतून येतो तसा तो पांढरा चीक नव्हता. किंचित चिकट असा पारदर्शक द्रव होता. त्यातील पाण्याचा अंश मुळे पुन्हा शोषून घेतात व मागे सिमेंटासारखा थर उरतो, असा निष्कर्ष त्याने काढला. आणि उरलेला पदार्थ रबराच्या जातीचा असल्याचेही त्याला आढळले.

ह्यावरून व्यवहारातील दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, ही मुळे अन्नपाण्यासाठी भिंतीत शिरणारी नसून मुख्यतः धरून ठेवणारी आहेत. वेलीचे पोषण जमिनीतील मुळांवर चालते. बुंधा जमिनीलगत कापला तर वरची सारी वेल वाळते. दुसरी गोष्ट अशी की, एकदा सुटलेले मूळ पुन्हा चिकटत नाही, कारण हा चिकट द्रव कोवळ्या मुळासच सुटतो. वाऱ्याने किंवा माणसाच्या हाताने उचकटलेली फांदी पुन्हा भिंतीशी बांधून ठेवणे म्हणूनच व्यर्थ होय. रोपवाटिकेतून आणलेली हातभर लांब वेल 'वर्ष झाले तरी भिंत धरीत नाही' अशी तक्रार येते तिचे कारणही हेच. ती लांब फांदी पिशवीत असतानाच जुनी झालेली असते. लावल्याबरोबर तिची छाटणी करून दोन-तीन पेरे ठेवावीत. तेथून जे नवे धुमारे येतील ते भिंत धरतील. लांब वेल कापावयास जीव होत नाही हे खरे, परंतु न कापल्यास हंगाम फुकट जातो.

फळाच्या आतील व्यवहार

आपल्याकडे फार दिवसांनी भेटणाऱ्यास 'उंबराचे फूल झालास' असे म्हणतात. उंबराला फूल नसते अशी समजूत त्यामागे आहे. वस्तुतः फुले असतात, शेकड्यांनी असतात, परंतु ती फळाच्या आत असतात. ज्याला आपण उंबराचे किंवा अंजिराचे फळ म्हणतो तो आरंभी एक मांसल घडा असतो. आतल्या पृष्ठभागावर इवली फुले दाटीने बसलेली असतात व टोकाशी खवल्यांनी बंद केलेले बारीक तोंड असते. वनस्पतिशास्त्रात ह्या रचनेस कुंभासनी म्हणतात. नाव अगदी समर्पक आहे.

घडा बंद, मग पराग आत कसा जावयाचा? वाऱ्याने जाणार नाही, मधमाशीला वाट नाही. एका घड्यातील पुंकेसर त्याच घड्यातील स्त्रीफुलांच्या उपयोगी पडावेत तर तेही नाही, कारण स्त्रीफुले आधी तयार होतात व पुंकेसर कित्येक आठवड्यांनी पिकतात. हे काम करतात ती केंबरे. पिकले उंबर फोडले की भुर्रकन उडणारे हे किडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. ते गांधीलमाशीच्या गोतातील, परंतु डासाहून लहान असतात. येथे आपण त्यांना अंजीरमाशी म्हणू. अंजीर-उंबराच्या ह्या गोतात साडेसातशेहून अधिक जाती आहेत, आणि सर्वसाधारणपणे प्रत्येक जातीची माशी निराळी असते. उंबराची माशी अंजीरवेलीच्या उपयोगाची नाही. अंजीरवेलीच्या माशीचे शास्त्रीय नाव वीबेसिया पुमिली असे आहे.

उंबराच्या एकाच फळात पुंकेसर, बी धरणारी फुले व माशीची अंडी वाढविणारी फुले अशी सर्व मंडळी एकत्र नांदतात. अंजीरवेलीचे घर मात्र विभक्त आहे. तिच्या काही वेली नर व काही मादी असतात. (आपल्या ओढ्याकाठी आढळणाऱ्या काळ्या उंबरातही नर व मादी झाडे वेगळी असतात, जिज्ञासूंनी दोन-चार झाडांची फळे चिरून पाहावीत.) नर वेलीच्या फळात तोंडाजवळ पुंकेसर असतात व आत आखूड नळीची स्त्रीफुले असतात. ह्या आखूड फुलांतून माशी आपले अंडे सहज आत पोहोचविते, व फुलाच्या जागी गाठ तयार होऊन त्यात पिल्लू वाढते. अशा फुलांस गुल्मपुष्पे म्हणतात. मादी वेलीच्या फळातील फुलांची नळी मात्र लांब असते.

आता माशीचा क्रम पाहा. नर वेलीच्या फळातील गाठींतून आधी नर माश्या बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. गाठीतच असलेल्या माद्यांशी त्यांचा संयोग होतो, माद्यांना वाट करून देण्याचे काम ते करतात व त्याच फळात मरतात. पंख असलेल्या माद्या तोंडाकडे येताना पिकलेल्या पुंकेसरांचा पराग अंगावर घेतात व बाहेर उडतात. त्यांचे आयुष्य तेथून पुढे एक-दोन दिवसांचे. तेवढ्या वेळात वासाच्या खुणेने कोवळे फळ शोधावयाचे व खवल्यांतून आत घुसावयाचे. घुसताना पंख बहुधा तुटतात, म्हणजे परतीची वाट संपलीच. फळ नर वेलीचे निघाले तर अंडी घातली जातात व तिचा वंश चालतो. मादी वेलीचे निघाले तर माशी फुलाफुलावर हिंडते, अंगावरील पराग तेथे लागतो, परंतु लांब नळीमुळे तिचे अंडे आत पोहोचत नाही. ती तेथेच निपुत्रिक मरते. वेलीला मात्र बी मिळते. बाहेरून दोन्ही फळांचा वास सारखा असल्यामुळे माशीला फरक कळत नाही. निसर्गातील व्यवहार नेहमीच दोन्ही बाजूंना सारख्या लाभाचे असतात असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

ही सारी कथा सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच की, ह्या माशीवाचून अंजीरवेलीला रुजणारे बी धरत नाही. वेल आपल्या देशात आली ती कलमांच्या द्वारे, शोभेसाठी. तिची माशी तिच्या मायदेशी राहिली. आपल्या जुन्या वेलींवर तीन ते सहा सेंटिमीटरची हिरवी फळे लोंबतात, भोवऱ्यासारखी वा गोलसर, टोकाशी चपटी. ती कापून पाहिल्यास आत कोरडी फुले व चीक एवढेच हाती लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. ही फळे खाण्यायोग्य नव्हेत. त्यांत रसही नाही व गोडीही नाही.

'मग आमचे पुरंदरचे अंजीर माशीवाचून कसे पिकते?' असे सासवड-दिवे भागातील बागायतदार विचारील. पुणे अंजीर ह्या जातीचे फळ परागाशिवाय पोसते. त्यातील कणकण लागणारे बी बहुधा पोकळ असते व ते रुजत नाही. आपल्याला बी नको, गर हवा, म्हणून काही अडत नाही. सर्व अंजिरांची गोष्ट मात्र तशी नाही. तुर्कस्तानातील स्मर्ना जातीचे अंजीर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतात नेऊन लावले, तेव्हा झाडे वाढली परंतु फळे कोवळेपणीच गळून पडू लागली. अंजिराची माशी तेथे नेऊन १८९९ साली ती स्थिर झाली, त्यानंतरच त्या बागा पिकू लागल्या. झाड नेले व किडा मागे राहिला तर काय होते, ह्याचा तो धडा होता.

तैवानची जेली

आता जेलीची हकिकत. तैवान बेटावर ह्या वेलीचा एक प्रकार डोंगराळ जंगलांत वाढतो. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ माकिनो ह्याने १९०४ साली त्यास स्वतंत्र जात म्हणून नाव दिले होते; पुढे १९६० साली कॉर्नर ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची गणना अंजीरवेलीचाच एक प्रकार म्हणून केली. तैवानात त्याच्या जेलीस 'आय्यू' म्हणतात. तेथील आख्यायिका अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक व्यापारी डोंगरातून जात असता तहानेने ओढ्यापाशी थांबला, तेव्हा पाणी ठिकठिकाणी गोठल्यासारखे त्यास दिसले. वर पाहतो तो वेलीवरील पिकल्या फळांतून बी गळत होते. ते बी त्याने घरी नेले, जेली केली व मुलीकडून ती विकविली. त्या मुलीचे नाव आय्यू. तेच पुढे जेलीला मिळाले.

कथा कशीही असो, कृती पाहण्यासारखी आहे. मादी वेलीचे पिकलेले फळ चिरून, उलटे करून वाळवितात व बी खरवडून घेतात. ते बी कापडाच्या पुरचुंडीत बांधून थंड पाण्यात पाच-दहा मिनिटे हाताने चोळतात. पाणी दाट होत जाते व थोडा वेळ तसेच ठेवले की थरथरणारी, फिकट पिवळसर जेली तयार होते. लिंबू व साखरेचा पाक घालून ती खातात. चूल पेटवावी लागत नाही.

आपल्या भगिनी पेरूची जेली करतात तेव्हा फोडी उकळून पाणी गाळावे लागते, आंबटपणासाठी लिंबू व जवळजवळ रसाइतकी साखर घालावी लागते, व पुन्हा आटवावे लागते. दोन्हीकडे घट्टपणा येतो तो पेक्टिन ह्याच पदार्थामुळे, परंतु रीत निराळी. पेरूच्या पेक्टिनला घट्ट होण्यास साखर व आम्ल हवे असते. आय्यूच्या बियांवर पेक्टिनचा थर असतोच, शिवाय पेक्टिनचे रूप पालटणारे विकरही असते. बी चोळताना दोन्ही पाण्यात उतरतात, विकर आपले काम करते, आणि पाण्यातील कॅल्शियम त्या बदललेल्या पेक्टिनचे धागे एकमेकांस बांधते. म्हणून उकळत्या पाण्यात ही जेली होत नाही, विकर उष्णतेने मरते. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यातही होत नाही, कारण त्यात कॅल्शियम नसते. थोड्या जड पाण्यात उत्तम होते. हाताला किंवा भांड्याला तेल असल्यास बिघडते. फळसंरक्षणाच्या वर्गात सांगण्यासारखे हे उदाहरण आहे.

परंतु आपल्या शेतकऱ्याने हे पीक घ्यावे काय? माझे मत स्पष्ट आहे: आज घेऊ नये. जेली होते ती बियांपासून. बी धरते ते मादी वेलीवर. आणि मादी वेलीवर बी धरण्यासाठी नर वेल व त्यांच्यामध्ये ये-जा करणारी माशी अशी दोन्ही हवीत. तैवानातसुद्धा बागायतदारांना मादी वेलींबरोबर नर वेली राखाव्या लागतात. आपल्याकडील शोभेची रोपे कोणत्या लिंगाची आहेत हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते, कारण बालरूपात नर-मादी ओळखता येत नाही. अशा स्थितीत 'जेलीचे पीक' म्हणून कोणी एकरी हिशेबाने रोपे विकू लागल्यास त्यास एकच विचारावे: ह्या देशातील कोणत्या वेलीवर धरलेले, भरलेले बी तुम्ही मला दाखविता? दोन बिया पाण्यात चोळून पाहणे हाच त्याचा पुरावा. फळ दाखविले, छायाचित्र दाखविले, एवढ्यावर पैसे मोजू नयेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागात अशी विक्री चालू झाल्याचे कळताच शेतकऱ्यांना हे समजावून द्यावे.

'मग माशीच आणू या' असे उत्साही तरुण म्हणतील. जिवंत कीटक परदेशातून आणणे ही खाजगी हौसेची बाब नाही. वनस्पती व कीटकांच्या आयातीवर २००३ च्या केंद्रीय आदेशान्वये निर्बंध आहेत व त्यास पूर्वपरवानगी लागते. निर्बंधामागील कारण समजण्यास आपल्याच नांदरुकाची गोष्ट पुरेशी आहे. नांदरूक अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतात रस्त्याकडेची सावली म्हणून लावला गेला होता. बी धरत नसल्यामुळे तो लावला तेथेच राहिला. १९७० च्या दशकात त्याची माशी तेथे पोहोचली. मग पक्ष्यांनी बी नेले आणि भिंती, छपरे, पूल व इतर झाडे ह्यांवर नांदरुकाची रोपे उगवू लागली. आज तो तेथे उपद्रवी झाडांत मोजला जातो.

भिंतीचे काय

येथे पहिल्या प्रश्नाशी आपण येऊन ठेपतो. पिंपळ भिंत फोडतो तो भिंतीतच जन्मतो म्हणून. पक्ष्याच्या विष्ठेतून बी फटीत पडते, तेथेच रुजते, आणि पाणी शोधीत त्याचे मूळ सांध्यांतून उतरत जाते. अंजीरवेलीला आपल्याकडे बी नाही; त्यामुळे ती न लावलेल्या ठिकाणी उगवत नाही. जेलीच्या बाबतीत जी उणीव, तीच भिंतीच्या बाबतीत आपले रक्षण करते.

तथापि वेल निरुपद्रवी आहे असे मात्र समजू नये. सिमेंटचा पक्का गिलावा, काँक्रीट किंवा चुनखडीने सांधलेला घट्ट दगड असेल तर ती वर्षानुवर्षे राहूनही फारसे बिघडत नाही. मातीची भिंत, पांढरीचे बांधकाम, फुगलेला चुन्याचा गिलावा किंवा कोरड्या रचाईचा दगड असेल तर लावू नये. फट असेल तेथे धुमारा शिरतो, आत गेल्यावर जाड होतो, आणि पाचरीप्रमाणे काम करतो. कौलांखाली व पत्र्याच्या सांध्यात शिरलेली फांदी पावसाळ्यात गळती करते. जुन्या विहिरीच्या कोरड्या कठड्यावर ही वेल सोडण्याची हौस कित्येकांस असते. ती करू नये. रंगविलेल्या भिंतीवर लावल्यास रंग गेला असे धरूनच लावावी.

लावावयाचीच असल्यास पाऊस सुरू होताच बालरूपातील फांदीचे तीन-चार पेरांचे, बोटभर लांबीचे तुकडे घ्यावेत, खालची पाने काढावीत व वाळू आणि पालापाचोळ्याचे कुजलेले खत भरलेल्या पिशवीत सावलीत लावावेत. साधारण महिनाभरात मुळे फुटतात. भिंतीच्या पायालगतची माती बहुधा विटांच्या रोड्यांनी व चुन्याने भरलेली असते. ती काढून, भिंतीपासून फूटभर अंतरावर खड्डा करून चांगली माती भरावी. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत उत्तम. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर उन्हाळ्यात कोवळे धुमारे करपतात, त्यामुळे तेथे पहिली दोन वर्षे तरी आडोसा व नियमित पाणी लागते. पहिल्या वर्षी वेल जागची हलत नाही असे वाटते. पुढे ती इतक्या वेगाने पसरते की आवरणे कठीण जाते.

छाटणीचे गमक पानातच आहे. मोठ्या पानांच्या, भिंतीपासून सुटून बाहेर येणाऱ्या फांद्या दिसू लागताच त्या भिंतीलगत छाटाव्यात. पावसाळ्यापूर्वी एकदा व दिवाळीनंतर एकदा पुरे. त्या तशाच वाढू दिल्यास वजनाने सारा पसारा गिलाव्यासह सुटून येण्याचा संभव असतो, आणि आतील दाट काळोखात पाली, विंचू व गांधीलमाश्यांची पोळी आसरा घेतात. खिडक्या, कौले व पन्हळी ह्यांपासून वेल वीतभर दूर ठेवावी. छाटताना चीक हातास लागू देऊ नये. चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडल्यास काही जणांस फोड येऊन काळे डाग राहतात. म्हणून हातमोजे घालावेत, संध्याकाळी छाटावे व काम संपताच साबणाने हात धुवावेत.

वेल काढून टाकावयाची झाल्यास हिरवी असताना ओढू नये, गिलावा तिच्याबरोबर येतो. बुंधा जमिनीलगत कापावा, वरची वेल जागेवरच काही आठवडे वाळू द्यावी व मग वरून खाली सावकाश सोलत यावे. मागे मुळांचे तपकिरी ठसे राहतात, ते ताठ कुंच्याने घासून काढावेत. बुंध्यापासून पुन्हा फूट येते, म्हणून पुढील पावसाळाभर त्यावर लक्ष ठेवून येणारा प्रत्येक कोंब खुडावा.